ब्रह्मपुरीची टेकडी आणि सागरदेव

राजारामपुरीतील एखाद्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरले, म्हणजे त्यांच्या भ्रमंतीचा क्रम बहुधा आधीच ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी नवा राजवाडा, सायंकाळी रंकाळा, आणि दुसऱ्या दिवशी जोतिबा व पन्हाळा. यात गैर काहीच नाही. परंतु त्याच घरापासून पायी तासाभराच्या वाटेवर, पंचगंगेच्या काठी, शिवाजी पुलानजीक एक टेकडी आहे. तिच्याकडे ना पाहुण्यांचे लक्ष जाते, ना यजमानांचे. ती टेकडी म्हणजे ब्रह्मपुरी.

तेथे मुद्दाम जाणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशाच होते. तट नाही, बुरूज नाही, कोरीव खांब नाहीत; आहे ती चार चौघांसारखी नांदती वस्ती. तथापि ही टेकडीच मुळी पुष्कळ अंशी जुन्या वस्त्यांनी रचलेली आहे. एका काळची घरे पडावीत, त्यांच्या मातीविटांवर पुढच्या काळातील लोकांनी आपली घरे बांधावीत, आणि असे शतकानुशतके चालावे, म्हणजे जमीन पुस्तकाच्या पानांप्रमाणे थरांवर थर धारण करिते. सर्वांत खालचे पान सर्वांत जुने, एवढा साधा नियम ध्यानी ठेवला की उत्खननाचे निम्मे शास्त्र समजले.

या पुस्तकाचे पहिले पान १८७७ साली उघडले. त्या वर्षी ब्रह्मपुरीस जुन्या नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यांतील नाणी बहुतांशी शिशाची होती. एका बाजूस धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूस चैत्यचिन्ह व झाड, आणि त्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर अशी राजांची नावे. राजाने आपले नाव आईच्या गोत्रनामासह मिरवावे, ही त्या काळची रीत होती. हे तीन राजे कोणत्या अनुक्रमाने होऊन गेले, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. ते नाण्यांनीच सांगितले. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा उमटविला, आणि दुसऱ्या विळिवायकुराने त्या दोघांच्याही नाण्यांवर. खालचा ठसा अर्धवट पुसलेला दिसतो, त्यावरून आधीचा कोण व नंतरचा कोण हे उघड होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमी या भूगोलवेत्त्याने हिप्पोकुरा ही बलेओकुरोस राजाची राजधानी म्हणून नमूद केली आहे. हा बलेओकुरोस म्हणजे विळिवायकुर, असे अनेक विद्वान मानतात. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच की दुसरे एखादे नगर, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. अभिमानापोटी तो वाद कोल्हापूरकरांनी परस्पर मिटवू नये!

खरे नवल पुढे घडले. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजातील प्राध्यापक कुंदणगार यांनी येथे खोदकाम केले, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वरच्या थरांत बहामनी काळातील रंगीत काचेच्या बांगड्या, खाली सातवाहनकाळची विटांची घरे, असा क्रम लागला. ब्रह्मपुरीच्याच भूमीतून काशाच्या वस्तूंचा एक संच हाती आला, आणि त्यांत वीतभरही उंची नसलेली एक पुरुषमूर्ती होती. दाढी, पिळदार देह, उंचावलेला एक हात. हा देव आपल्याकडचा नव्हे. हा ग्रीकांचा सागरदेव पोसायडन. त्रिशूळ हे त्याचे आयुध.

पंचगंगेच्या काठी सागरदेवाचे काय काम? उत्तर वाऱ्यात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे शिडात भरून मिसरच्या किनाऱ्यावरून जहाजे पश्चिम भारताच्या बंदरांत येत, आणि वारे उलटले की परत फिरत. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर सह्याद्रीचे घाट चढे. घाटमाथ्यापलीकडील पहिल्या सुपीक खोऱ्यांत जी नगरे होती, त्यांपैकी हे एक. मूर्ती कोणी पूजेसाठी आणली, की केवळ शोभेची म्हणून, हे मूर्ती सांगत नाही.

या वस्तूंसाठी १९४६ साली ब्रह्मपुरीजवळ संग्रहालय निघाले, ते १९४९ मध्ये टाउन हॉलच्या इमारतीत आले. मूर्ती तेथे सुरक्षित आहे. टेकडी तशी नाही. घराच्या पायासाठी चर खणला, नळासाठी रस्ता फोडला, म्हणजे थरांची सरमिसळ होते. आणि थरावेगळे झालेले खापर ओंजळभर मिळाले तरी त्यास काळ सांगता येत नाही. तेथे राहणाऱ्यांस दोष देण्याचे कारण नाही. माणसांना घरे हवीतच. परंतु चर बुजविण्यापूर्वी एखाद्या जाणकारास तो दाखविण्यास कितीसा वेळ लागतो?

यास्तव पाहुण्यांस घेऊन जावयाचे ते आधी टेकडीवर. पुलाकडच्या बाजूने चढावे, नदीचे वळण पाहून घ्यावे, पायांखाली किती माती आहे याचा अंदाज करावा, आणि मग उतरून टाउन हॉलकडे वळावे. हत्तीवर बसलेले काशाचे स्वार मुलांना प्रथम दिसतात. सागरदेव आकाराने लहान, म्हणून तो शोधावा लागतो. तेथून दसरा चौक, स्टेशन आणि परीख पुलाखालून राजारामपुरीची पहिली गल्ली गाठेपर्यंत दिवेलागण होते.