आधी वेग ठरवा, मग ब्रेकर टाका

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात वेगाचा विषय निघाला की समृद्धीचंच नाव येतं. पण लहान मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरायला निघतात ते रस्ते वेगळेच: खामगाव-मलकापूरच्या लेआऊटमधले, जिनिंगच्या आवारातले, कॉलेजच्या फाटकाआतले. ताशी ४० च्या वेगाने निघालेली दुचाकी एका सेकंदात ११ मीटर जाते, २० ने निघालेली साडेपाच. उभ्या ट्रॉलीआडून एखादं पोर धावत बाहेर आलं, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून अशा रस्त्यावर पहिलं काम म्हणजे २० ची मर्यादा ठरवणं आणि फाटकातच तशी पाटी लावणं.

नुसत्या पाटीने कोण थांबतं, हा प्रश्न रास्तच आहे. उंचवटा लागतोच, पण उरलेल्या सिमेंट-गिट्टीचा हातभर रुंद, टोकदार ढिगारा हे त्याचं उत्तर नव्हे. अरुंद ब्रेकरवरून गाडी जोरात नेली तर चाक क्षणात पलीकडे जातं, धक्का बराचसा स्प्रिंगच खातात, आणि दंड बसतो तो सावकाश जाणाऱ्या ऑटोतल्या गरोदर बाईला. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये सेंट लुईसच्या आपल्या विद्यापीठातल्या रस्त्यांसाठी गतिरोधक आखले, तोही प्रश्न आवारातल्या रस्त्यांचाच होता. पुढे इंग्लंडमध्ये प्रयोग होऊन रुंद, गोलसर उंचवटा ठरला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनेही तेच माप घेतलं: ताशी २५ च्या वेगासाठी रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, वर ठळक पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक. चारचाकीचं चाक त्यावर हळूहळू चढतं-उतरतं. जोरात गेलं तरच दणका बसतो. माल थोडा जास्त लागतो हे खरं, पण दोन बेढब ब्रेकरऐवजी असा एक नीट केला तर तो खर्च अवघड नाही.

‘रस्ता आमच्या मालकीचा, आम्ही काहीही करू,’ असं म्हणणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८८ चा निकाल ध्यानात घ्यावा. मोटार विम्याच्या वादात न्यायालयाने म्हटलं की जागा खासगी असली, प्रवेशावर नियंत्रण असलं, तरी लोकांची ये-जा असेल तर ती सार्वजनिक जागाच. मालकाच्या पाटीने पोलिसांचं चलान फाटत नाही, हे मान्य. पण फाटकावर गाडी अडवायला आणि पास रद्द करायला चलान लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत टेप घेऊन जा, आहे तो ब्रेकर मोजा आणि मापात नसेल तर पावसाळ्याआधी फोडून नव्याने करा.