फिशिंगमधील मानसशास्त्रीय युक्त्या

बँक, शासकीय कार्यालय किंवा परिचित व्यक्ती यांच्या नावाने खोटा ईमेल वा संदेश पाठवून पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे उकळणे यास 'फिशिंग' असे म्हणतात. गळाला आमिष लावून मासा पकडण्याच्या कल्पनेवरून पडलेले हे नाव १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ आहे. यात संगणकापेक्षा माणसाच्या मनालाच प्रथम लक्ष्य केले जाते.

सैद्धान्तिक आधार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी 'इन्फ्लुअन्स' (१९८४) या ग्रंथात मन वळवण्याची सहा तत्त्वे मांडली. परतफेड, बांधिलकी व सातत्य, इतरांचे अनुकरण, आपुलकी, अधिकार आणि दुर्मिळता ही ती तत्त्वे होत. वरिष्ठांचा शब्द पाळणे किंवा उपकाराची फेड करणे यांत मुळात गैर काही नाही; समाजव्यवहार त्यांवरच चालतो. फसवणूक करणारे याच सवयींचा गैरफायदा घेतात. त्यामुळे सुशिक्षित व अनुभवी व्यक्तीही अशा संदेशांना बळी पडतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची सुमारे १ कोटी १ लाख रुपयांची फसवणूक झाली. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकास व्हॉट्सॲपवर संदेश आला आणि काही बँक खात्यांत तातडीने रक्कम भरण्यास सांगण्यात आले. माध्यम ईमेलचे नसले, तरी अधिकार आणि घाई ही युक्ती तीच होती.

'मागील बिल भरले नसल्याने आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल' अशा आशयाचे बनावट संदेशही राज्यभर पसरले होते. त्यांना प्रतिसाद देऊ नये, असे आवाहन महावितरणने ग्राहकांना केले. येथे भीती आणि अल्प मुदत यांची सांगड घातलेली दिसते. बक्षीस किंवा परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या संदेशांत भीतीची जागा लोभ घेतो. मुदत मात्र तशीच राहते. विचार करण्यास व कोणाला विचारण्यास वेळ मिळू नये, हा तिचा हेतू असतो.

प्रतिबंध व कायदा

संदेशातील दुवा वा क्रमांक न वापरता, आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधून खात्री करणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. म्हणून संकोचापोटी झालेला विलंब हानिकारक ठरतो.