फळ्यावरचा आकडा

केनवूडच्या तळ्याकडे जाणारी वाट झाडांतून खाली उतरते. फाटकावर पाटी आहे, इथून पुढे फक्त बायकांनी यावं अशी. आणखी थोडं चाललं की लाकडी धक्का, त्याला लागून लोखंडी शिडी आणि एक काळा फळा. जीवरक्षक बाई रोज सकाळी त्यावर खडूने पाण्याचं तापमान लिहितात. भर उन्हाळ्यात तो आकडा विशीच्या आसपास असतो, दिवाळीच्या सुमाराला अकरा-बारावर येतो, आणि जानेवारीत चार, तीन, कधी दोन. उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथवरच्या या तळ्यात मी गेली नऊ वर्षं बाराही महिने पोहते आहे. अजूनही धक्क्यावर आले की ओळखीच्या चेहऱ्यांआधी माझी नजर फळ्याकडे जाते.

पोहायला शिकले ती मात्र वाईजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत. आठ वर्षांची होते. आबांनी पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला दोर, आणि मला शेवटच्या पायरीवरून पाण्यात घेतलं. मी कपारीतला दगड दोन्ही हातांनी गच्च धरून बसले. आबा म्हणाले, "सोड हात. पाणी धरतंय तुला." वैशाखाचं ऊन वर माळाला भाजत होतं आणि माझे दात वाजत होते. कपारीतले पारवे फडफडत वर गेले, आणि मी हात सोडला. पंधरवड्यात भोपळा सुटला, महिन्याभरात मी मुटका मारायला लागले.

त्याच विहिरीच्या पाण्यावर पौषातल्या पहाटे वाफ दिसायची आणि हात घातला तर ते चक्क कोमट लागायचं. मला तेव्हा ती जादू वाटे. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान साधारणपणे त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी हवामानाइतकं असतं आणि ऋतूंनी फारसं हलत नाही, हे पुढे कळलं. पाणी जवळपास तेच राहायचं. वरची हवा बदलायची, आणि तिच्यातून आलेलं आपलं अंग.

बाराव्या वर्षी आत्या म्हणाली, "आता बास. विहिरीवर पोरं असतात." पोरांना कुणी काही म्हटलं नाही. ती मुटके मारत राहिली आणि त्यांचे आवाज मला चुलीपाशी ऐकू यायचे. त्यानंतर मी उघड्या पाण्यात उतरले ती बेचाळिसाव्या वर्षी, सात समुद्रांपलीकडे. मधली तीस वर्षं मला कुणी परत देणार नाही. त्याचा राग अजून आहे. म्हणूनच या तळ्यांचा इतिहास मी शोधत गेले.

हीथवरची तळी मुळात पोहण्यासाठी नव्हतीच. वर्तमानपत्रांच्या फ्लीट स्ट्रीटला जिचं नाव मिळालं, ती फ्लीट नदी इथल्या झऱ्यांतून निघते. शहराखालच्या नळांतून वाहत ती आता कुणाला दिसत नाही. लंडनला पाणी पुरवायला १६९२ मध्ये एक कंपनी निघाली आणि या झऱ्यांवर बांध घालून तळ्यांच्या माळा तयार झाल्या. पुढे त्या पाण्याची गरज संपली, तळी राहिली आणि लोक त्यात उतरू लागले. हायगेटचं पुरुषांचं तळं १८९३ मध्ये रीतसर उघडलं. बायकांना स्वतःचं तळं मिळायला विसाव्या शतकाचं तिसरं दशक उजाडावं लागलं. म्हणजे राणीच्या देशातही आमच्या आत्याचाच कायदा चालत होता. हाइड पार्कातल्या सर्पंटाइन तलावावर पोहणाऱ्यांचा क्लब १८६४ पासून आहे, पण बायका-पुरुषांनी एकत्र पोहावं अशी जागा तिथे जॉर्ज लान्सबरी या मजूर पक्षाच्या मंत्र्याने १९३० मध्ये करून दिली.

त्याच्या चार वर्षं आधी, १९२६ मध्ये, गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली होती आणि तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा जवळजवळ दोन तास कमी घेतले होते. आपल्याकडच्या आरती साहा मला त्याहून जवळच्या वाटतात. लहानपणी काकांबरोबर हुगळीच्या घाटावर आंघोळीला जाता जाता त्या पोहायला शिकल्या. ऑगस्ट १९५९ मध्ये खाडी पोहण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि पलीकडे पोचल्या. असं करणारी आशियातली ती पहिली स्त्री. घाटावर आंघोळीला गेलेल्या मुलीला "आता बास" म्हणणारं कुणी नसलं तर ती कुठवर जाते, ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता पाण्याबद्दल. अकरा अंशांचं पाणी म्हणजे काय, हे अकरा अंशांच्या हवेवरून कळत नाही. हवेच्या तुलनेत पाणी उष्णता साधारण पंचवीसपट वेगाने वाहून नेतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घोट्यांत कळ येते, मांड्यांना चटका बसतो. हो, चटकाच. गारठ्याची आणि भाजण्याची जाणीव त्या क्षणी वेगळी करता येत नाही. पाणी बरगड्यांपर्यंत आलं की शरीर आपलं ऐकेनासं होतं. एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, मग श्वासांवर श्वास, छातीत ढोल. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. त्वचा एकदम गार झाल्यामुळे बसणारा हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. गार पाण्यात बुडणारी पुष्कळशी माणसं गारठून मरत नाहीत. ती या पहिल्या मिनिटांत मरतात, कारण तो आपोआप ओढला जाणारा श्वास पाण्याखाली घेतला जातो. म्हणून गार पाण्यात सूर मारायचा नाही, मुटका तर नाहीच. हृदयाचं दुखणं असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. आणि अचानक पडलंच कुणी, तर हातपाय मारायचे नाहीत. उताणं होऊन तरंगत राहायचं, श्वास ताब्यात येईपर्यंत. इंग्लंडातली किनाऱ्यावर बचावकार्य करणारी संस्था आज जाहिराती करून लोकांना हेच शिकवते. आबा वेगळं काय सांगत होते?

टिप्टन यांच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की हा धक्का शिकवता येतो. जेमतेम पाच-सहा वेळा, तीच काही मिनिटं, गार पाण्यात उतरलं की त्याचा जोर निम्म्यावर येतो, आणि ही शिकवण अंग कित्येक महिने विसरत नाही. मी पहिल्या वर्षी सप्टेंबरात सुरुवात केली. पाणी रोज थोडं थोडं उतरत गेलं, आणि मीही त्याच्याबरोबर.

दोन मिनिटं संपतात तेव्हा काय होतं, ते सांगायला मला योग्य शब्द अजून सापडलेला नाही. श्वास लांब होतो. कातडीवरची सुई बोथट होते आणि तिच्या जागी एक धग येते. तळ्याचं पाणी चहासारखं तपकिरी, त्यात समोर जाणारे माझे हात मधाच्या रंगाचे दिसतात. डोळे पाण्याच्या पातळीवर, त्यामुळे पाणकोंबडी माझ्याएवढी होते आणि तिला माझी भीती वाटत नाही. जूनमध्ये वरचा हातभर थर उबदार असतो आणि पाय खाली सोडले की ते वेगळ्याच ऋतूत जातात. जानेवारीत उलटं. चार अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं, म्हणून वर बर्फाचा पापुद्रा धरला तरी खाली मासे जगतात. त्या दिवसांत पापुद्रा फोडून वाट केली जाते आणि फुटलेल्या काचांसारखे तुकडे मानेला घासून जातात. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीही नसतं. घराचे हप्ते नसतात, आईचं आजारपण नसतं. मी ध्यानाचे वर्ग केलेत, पण मन एवढं एका जागी कधी आलं नाही.

शरीरशास्त्राकडे याचं काही उत्तर आहे. प्रागच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही तरुण पुरुषांना चौदा अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत तासभर बसवलं होतं. त्यांच्या रक्तात नॉरअॅड्रेनलिन पाचपटींहून अधिक वाढलं, डोपामिन अडीचशे टक्क्यांनी. प्रयोग छोटा होता. त्यावरून गार पाणी नैराश्यावरचं औषध आहे असं ठोकून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि कुणी त्यापायी गोळ्या बंद करू नयेत. मला सुख मिळतं एवढं पुरे आहे. सुखाला औषध व्हायची गरज नाही.

बाहेर आल्यावर जपायचं. कातडीतलं गार रक्त आत फिरू लागतं आणि अंग बाहेर आल्यानंतरही काही वेळ गार होत राहतं. हुडहुडी भरते ती तेव्हा. बोटांना बटणं लागत नाहीत. एकदा शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी काही न बोलता माझ्या स्वेटरची बटणं लावून दिली आणि थर्मासच्या झाकणातला चहा माझ्या ओठांना लावला. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

हे सुख टिकवायला लोक कोर्टात गेले आहेत. हिवाळ्यात पहाटे जीवरक्षक नसताना पोहू द्यायला हीथचं व्यवस्थापन पाहणारी सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन तयार नव्हती. काही अपघात झाला तर खटला आपल्यावर येईल, ही तिची धास्ती. पोहणाऱ्यांनी क्लब स्थापन करून दावा लावला आणि एप्रिल २००५ मध्ये न्यायमूर्ती स्टॅन्ली बर्नटन यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. जाणत्या माणसांनी स्वतःच्या जबाबदारीवर पोहायचं ठरवलं, तर परवानगी दिली एवढ्यावरून कॉर्पोरेशन दोषी ठरत नाही. त्याला आधार होता २००३ मधल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाचा. चेशरमधल्या एका तलावात उथळ पाण्यात सूर मारून एका तरुणाची मान मोडली होती. लॉर्ड हॉफमन यांनी तेव्हा असा मुद्दा मांडला, की थोड्यांच्या बेफिकिरीपायी बाकीच्या सगळ्यांचं निरुपद्रवी सुख काढून घेता येणार नाही. त्या तरुणाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, हे मी विसरत नाही. तरीही मला तो निकाल बरोबर वाटतो. धोक्याच्या नावाखाली कोणाकोणाला पाण्यापासून लांब ठेवलं जातं, ते मी घरीच पाहिलं आहे.

तळ्यांवर कुंपणं घालायची गरज नाही, पाणी घाण केलं की काम होतं. यॉर्कशरमधल्या इल्कलीच्या गावकऱ्यांनी खटपट करून डिसेंबर २०२० मध्ये व्हार्फ नदीच्या एका पट्ट्याला पोहण्याचं अधिकृत ठिकाण म्हणून मान्यता मिळवली. इंग्लंडातली अशी पहिलीच नदी. मान्यतेबरोबर पाण्याची तपासणी बंधनकारक झाली, आणि तपासणीत पाणी निकृष्ट निघालं. सांडपाणी नदीत सुटतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आता ते कागदावर आलं. पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिला की मला इल्कली आठवते. जिथे कुणी पोहत नाही त्या नदीची चौकशी करणारं कुणी उरत नाही.

माझी आई साठ वर्षं कृष्णेकाठी राहिली. कार्तिकात पहाटे ती घाटावर जाते, तांब्याने अंगावर पाणी घेते. गुडघ्याच्या वर कृष्णा तिने कधी येऊ दिली नाही. तिला कुणी शिकवलंच नाही. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि मी तळ्यावरून निघाले की रोज फोनवर पहिला प्रश्न विचारते, "आज किती?" मी आकडा सांगते. तो ती कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाशेजारी.

गेल्या नरक चतुर्दशीला तिचं अभ्यंगस्नान कधीच झालं होतं. इथे नुकतं उजाडलं होतं आणि माझ्या केसांतून पाणी गळत होतं.

"किती?"

"अकरा."

पेन्सिलचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तेल लावून उतरलीस ना?"

आरती साहा अंगाला चरबी चोपडून खाडीत उतरल्या होत्या, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं.

"लावलं," मी म्हटलं.