नाक वाजतंय, पण छाती उडतेय का?

पैनगंगेकाठच्या किनवटात हिवाळ्याच्या रात्री महिन्याभराचं लेकरू गुरगुरायला लागलं, की सगळं घर उठून बसतं. ‘छातीत कफ खडखडायलाय,’ असं निदान आजी तिथल्या तिथे करते. सकाळी न्हाऊ घालणारी बाई नाकात तेलाचे थेंब सोडते आणि वर ओव्याची धुरी देते.

खरं तर हा आवाज बहुतेकदा छातीतला नसतोच. तान्ह्या बाळाच्या नाकातली वाट जेमतेम काही मिलिमीटरची. ती निम्मी अरुंद झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट वाढतो. त्यामुळे इवलासा शेंबूड किंवा ओकारीसोबत वर आलेलं दूधही आवाज करायला पुरतं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. म्हणून नाक चोंदलं, की ते दूध ओढता ओढता सोडून रडतं. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषध दुकानात मिळणाऱ्या सलाइनचे थेंब घातले, की बहुधा भागतं. तेल मात्र नको. ते फुप्फुसात उतरलं तर तिथेच दाह होतो. धुरीने तर सुजलेलं नाक आणखी सुजतं. सर्दीच्या गोड सिरपचंही तेच: क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये बजावलं.

काही बाळं श्वास आत घेताना घुंईऽ असा आवाज करतात आणि उताणी झोपवली की तो वाढतो. स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असला, की असं होतं. डॉक्टरांना एकदा दाखवावं. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत आपोआप थांबतं.

मग घाबरायचं कधी? इथे कानापेक्षा डोळा कामाला येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. पन्नास-साठपर्यंत मोजणं अनेकींना जमत नव्हतं. त्यांच्यासाठी मणी आणि मिनिटभराची वाळूची घटिका असलेलं साधन तयार झालं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, या उपक्रमाच्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. इतकं बिनखर्चाचं निदान वैद्यकात विरळाच.

मण्यांशिवायही हे जमतं. बाळ शांत असताना अंगावरचं कापड काढून पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजायची. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त श्वास भरले, तर पुन्हा एकदा मोजायचं. दोन महिने ते वर्षापर्यंत ही मर्यादा 50. आकडा तेवढाच आला, बरगड्यांखाली खळगा पडत असला, ओठ निळसर दिसले किंवा बाळाने दूधच सोडलं, तर रात्र काढायची नाही. मांडवी-इस्लापूरकडच्या तांड्यांवरून गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचायलाच वेळ जातो आणि नांदेड तर त्याहून कितीतरी लांब. तेव्हा 108 ला फोन आधी, आशाताईंना निरोप त्यानंतर.