गाडी का लागते?

शाळेची सहल महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरू लागली, की काही वळणांतच दोन-चार मुले निस्तेज होतात. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटते, कपाळावर घाम येतो आणि अखेर उलटी होते. ‘गाडी लागली’ असे म्हणून विषय संपविला जातो. क्वचित त्या मुलास नाजूकही ठरविले जाते. वस्तुतः या त्रासाचे मूळ पोटात नसून शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत आहे.

ही यंत्रणा तीन ठिकाणांहून माहिती घेते. डोळे भोवतालचे दृश्य पाहतात. स्नायू व सांधे शरीराची ठेवण कळवितात. अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर तेथीलच दोन सूक्ष्म पिशव्या वेगातील चढउतार आणि डोक्याचा कल ओळखतात. चालताना ही सर्व माहिती परस्परांशी जुळते. बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्या मुलाचे डोळे मात्र ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात आणि कान प्रत्येक वळण नोंदवितो. या विसंगतीतून मळमळ उद्भवते, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. १९९१ मध्ये रिचिओ व स्टॉफ्रेगन या संशोधकांनी निराळे मत मांडले. अनोळखी गतीत तोल सावरण्याची नेहमीची रीत अपुरी पडते आणि ही अस्थिरता लांबली की त्रास होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही मतांच्या केंद्रस्थानी तोलच आहे.

दोन्ही कानांतील तोलेंद्रिये पूर्णपणे निकामी झालेल्या व्यक्तींना गाडी वा बोट सहसा लागत नाही. म्हणजेच हा त्रास दुर्बलतेचे लक्षण नव्हे; यंत्रणा शाबूत असल्याची ती खूण आहे. चालकालाही तो क्वचितच होतो, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

उपायही यातूनच सुचतात. २ ते १२ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण अधिक असल्याने शिक्षकांनी अशा मुलांना पुढच्या भागात बसवावे. दूरच्या डोंगराकडे किंवा क्षितिजाकडे पाहावयास सांगावे, डोके आसनाला टेकवून स्थिर ठेवावे, वाचन टाळावे, खिडकी उघडी ठेवावी. प्रवासापूर्वी हलका आहार द्यावा. औषध वैद्यकीय सल्ल्यानेच आणि प्रवास सुरू होण्यापूर्वी घ्यावे. अशा बहुतेक औषधांनी झोप येत असल्याने चालकाने ती घेऊ नयेत.

कोणाला गाडी लागते याची सहलीपूर्वीच चौकशी करून त्याप्रमाणे जागा नेमून दिल्यास पुष्कळ त्रास टळेल आणि कोणाही मुलास वर्गमित्रांच्या थट्टेचा विषय व्हावे लागणार नाही.