निकाहचे फोटो कुणाचे?
हॉल, बिर्याणी, मेहंदी यांवर आपण आठवडाभर खल करतो; फोटोग्राफरशी मात्र फक्त पैशांचं बोलतो. मग लेकीचे फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर दिसले की घरात रडारड.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा, वेगळा करार नसेल तर. मेख शेवटच्या चार शब्दांत आहे. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत 'जाहिरातीसाठी वापरण्यास परवानगी' असं छापलेलं असू शकतं, आणि अब्बा बयाणा देताना सही करून मोकळे होतात! ती ओळ खोडून तिथं दोघांनी सही करावी. बायकांकडचे फोटो कुणी काढायचे, फाइली कधी पुसायच्या, तेही लिहून घ्यावं.

फोटोग्राफरलाही नमुना दाखवल्याशिवाय पुढचं काम मिळत नाही. सजावटीचे, दुल्ह्याचे फोटो त्याला खुशीनं वापरू द्यावेत, असं आम्हाला वाटतं. दुल्ह्याला विचारून, अर्थात.