चिमटा हातात द्या, मग बोला

जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं क्रॉसिंग दुपारनंतर चालतं. उद्या उमलेल अशी कळी हेरायची, चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे आणि मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नर वाणाचे पराग लावायचे, खूण म्हणून फुलाखालची हिरवी दलं छाटायची. पुंकेसराचा तुकडा जरी राहिला, तरी फूल स्वतःच्याच परागाने फळू शकतं आणि संकरित बियाण्यात भेसळ होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्या गावाला हे किचकट काम नवं नाही.

अशा कामाला माणूस निवडायचा कसा? मोठ्या कंपन्यांत प्रश्नावली देतात. त्यातली सर्वांत गाजलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी माणसांना स्वभावानुसार सोळा खणांत बसवते. काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचा खण बदलतो! गप्पांना ठीक, नेमणुकीला नाही. मानसशास्त्रज्ञ स्वभावाच्या पाच गुणांच्या मापनावर अधिक विसंबतात. त्यात कामाशी सर्वाधिक जुळणारा गुण कर्तव्यदक्षता.

जुळणारा, पण किती? पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे नव्याने तपासले. निवडीच्या वेळचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत) असा निघाला: सर्व उमेदवारांना ठरलेले, कामाशी निगडित प्रश्न विचारणारी मुलाखत ०.४२, कामाचा नमुना करून घेणं ०.३३, कर्तव्यदक्षता ०.१९. शिवाय नोकरीची गरज असलेला माणूस ‘मी हातातलं काम अर्धवट सोडतो’ यापुढे ‘होय’ कशाला लिहील?

सैन्याच्या अधिकारी निवडीतही नुसत्या कागदावर भागत नाही. मानसशास्त्रीय चाचण्यांबरोबर मुलाखत असते, आणि फळ्या, दोर घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे असतात.

मग शेडनेटमध्ये दहा कळ्यांची परीक्षा घेतली की झालं? तेवढ्यानेही भागत नाही. कुणी बघत असताना दहा कळ्या कोणीही जपून करेल. त्या परीक्षेत हात कळतो, पण पाठ अवघडल्यावर, उकाड्यात, तीनशेव्या कळीला तो हात काय करतो ते कळत नाही. कर्तव्यदक्षता म्हणतात ती तिथे लागते, आणि प्रश्नावली ती जेमतेमच पकडते. त्यापेक्षा उमेदवाराला आठवडाभर कामावर घ्यावं आणि शेवटच्या दिवशी, काम संपायच्या वेळी, न सांगता त्याच्या ओळीतल्या कळ्या भिंगातून बघाव्यात. त्या आठवड्याची मजुरी मात्र पूर्ण द्यावी.